यवतमाळातला पानेत्तोने : ओळख, वाढप आणि विल्हेवाट

पानेत्तोने हा इटलीतल्या मिलान शहराचा नाताळचा गोड पाव होय. मैदा, लोणी, अंड्याचा बलक, साखर, मनुका आणि साखरेच्या पाकात मुरवलेल्या संत्र्याच्या व महाळुंगाच्या साली हे त्याचे घटक. बांधा उंच, माथा फुगीर, अंगाभोवती भाजतानाच चिकटलेला तपकिरी कागद. वजन बहुधा अर्धा ते एक किलो असते. खोका पाहून मात्र माणूस दुपटी-तिपटीचा अंदाज बांधतो आणि पहिल्यांदा उचलताना हात भलताच वर जातो. यवतमाळ जिल्ह्यात हा पाव पिकत नाही आणि कोणी मुद्दाम मागतही नाही. तो येतो.

खरे तर त्याने फार पूर्वीच यायला हवे होते. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर वऱ्हाडचा कापूस युरोपच्या वाटेला लागला आणि हिंदुस्थानी कापूस घेणाऱ्यांत इटलीच्या गिरण्याही होत्या. त्याही आधी, १८५५ पासून, मिलानच्याच परदेशी मिशन संस्थेचे पाद्री हैदराबाद संस्थानात काम करत होते. म्हणजे मिलानची माणसे पैनगंगेपलीकडच्या मुलखापर्यंत पोचली होती. मिलानच्या पावाने नदी ओलांडली नाही. यवतमाळात आले ते अमेरिकेचे फ्री मेथडिस्ट मिशनरी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुढे १९५३ साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, दूरदूरचे विद्यार्थी येऊन राहिले आणि १९८३ साली ती पुण्याला गेली. यवतमाळातून शिक्षणासाठी पुणे गाठण्याची रीत इतकी पक्की आहे की तिच्यातून शिक्षणसंस्थाही सुटली नाही.

इटालियन पावाची वाट न पाहता जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांनी नाताळच्या गोडाचा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. करंजी, शंकरपाळे, चकली, लाडू, अनारसे आणि जोडीला केक, असा त्यांचा फराळ. दिवाळी होऊन महिना-दोन महिने झाले की सोऱ्याला पुन्हा तेल लागते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हा कालक्रम फार सोयीचा आहे : आपला चिवडा तळाला गेलेला असतो आणि नेमके तेव्हा क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले ताट दारात येते. अशा रीतीने डिसेंबरातली गोडाची जागा आधीच भरलेली असल्याने पानेत्तोनेला इथे रिकामी जागा मिळालेली नाही. त्याला पाहुण्यासारखे राहावे लागते.

हा पाव करणे हे सोपे काम नव्हे. वर्षानुवर्षे जपलेले आंबवण रोज पीठ-पाणी घालून जागे ठेवायचे, त्यावर एकदा पीठ मळून रात्रभर फुगवायचे, मग त्यात आणखी पीठ, बलक, लोणी आणि मनुका घालून पुन्हा मळायचे आणि पुन्हा फुगवायचे. सगळे मिळून दोन-तीन दिवस जातात. भट्टीतून निघालेला पाव इतका नाजूक असतो की सरळ ठेवला तर स्वतःच्याच वजनाने खचतो. म्हणून त्याच्या बुडातून सळया आरपार घालून तो थंड होईपर्यंत वटवाघळासारखा उलटा टांगतात. आज दिसतो तो उंच आकार रूढ करण्याचे श्रेय मिलानच्या आंजेलो मोत्ता याला देतात. त्याने १९१९ साली आपली बेकरी काढली, पिठाभोवती कागद गुंडाळला आणि पिठाला आडवे पसरायला जागाच ठेवली नाही. जोआक्किनो आलेमान्या हा त्याचा तितकाच हिरीरीचा प्रतिस्पर्धी. दोघांच्या स्पर्धेने हा पाव मिलानच्या मिठाईवाल्यांच्या हातून कारखान्यात गेला आणि इटलीभर स्वस्त झाला. पुढे २००९ साली मोत्ता आणि आलेमान्या ही दोन्ही नावे वेरोनाच्या बाउली कंपनीने विकत घेतली. जन्मभर एकमेकांशी भांडलेले दोघे अखेर एकाच मालकाच्या घरी नांदू लागले.

मराठी वाचकाला या बाउली कंपनीची दखल घ्यावीच लागते, कारण तिने महाराष्ट्रात कारखाना काढला आहे. तो बारामतीत आहे. विदर्भातल्या माणसाला ही माहिती सांगितली असता तो आश्चर्य दाखवत नाही. नुसता मान हलवतो. सिंचन, रस्ते आणि कारखाने यांच्या अनुशेषात आता इटालियन बेकरीचीही भर पडली, इतकीच नोंद तो मनात घेतो. बारामतीच्या कारखान्याने आपले नाव केले ते पानेत्तोनेवर नव्हे, तर चंद्रकोरीच्या आकाराच्या, आत क्रीम भरलेल्या क्रोसाँवर. थोडक्यात, पानेत्तोनेचे घराणे बारामतीला येऊन स्थायिक झाले, पण थोरला मुलगा अजून इटलीतच आहे.

यवतमाळात पानेत्तोने पोचण्याचे मार्ग मोजके. घरातले कोणी जर्मनीत किंवा इटलीत नोकरीला असते. किंवा पुण्या-मुंबईच्या कंपनीने नाताळची भेट म्हणून दिलेला खोका ‘आपल्याकडे कोण खाते’ या विचाराने आईवडिलांकडे पाठवला जातो. नागपूर विमानतळ ते यवतमाळ हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब असा रस्ता. पानेत्तोनेच्या खोक्याला धरायला फीत असते, त्यामुळे तो हातात शोभतो. एस्टीत मात्र वरच्या फळीवर ठेवला तर गतिरोधकागणिक उडतो आणि खाली ठेवला तर त्यावर कोणी बसण्याची भीती. शेवटी तो मांडीवर घ्यावा लागतो आणि शेजारच्या प्रवाशाशी संभाषण अटळ होते.

“केक होय का?”

“नाही, पाव होय.”

“मंग पावाले इतकं मोठं खोकं कायले?”

या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. डिसेंबरात विदर्भात बाहेरून दोन गोष्टी येतात, एक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आणि दुसरा पानेत्तोने. दोन्हींचे वेष्टन भव्य असते आणि आत हवेचे प्रमाण लक्षणीय.

घरी पोचल्यावर खोका फ्रिजवर किंवा दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जातो आणि तिथेच राहतो. ‘सगळे जमल्यावर उघडू’ हे कारण दिले जाते. सगळे कधीच जमत नाहीत. कारखान्यातला बंद पिशवीचा पानेत्तोने काही महिने टिकतो, हे खोक्यावर छापलेले असते आणि घरातल्या ज्येष्ठांचा पहिला अविश्वास नेमका त्या छापील तारखेवर असतो. कालचा पाव आज वाळतो हा साऱ्या आयुष्याचा अनुभव. मग महिनोन्‌महिने मऊ राहणाऱ्या पावात “काही तरी घातलंच असन”. घातलेले असते ते बहुतांशी लोणी आणि साखर. आंबवणातल्या आम्लामुळे बुरशी उशिरा धरते, साखर ओलावा धरून ठेवते, लोण्याने पाव कडक होत नाही. हे स्पष्टीकरण कोणाला पटल्याचे पाहण्यात नाही. लोणचे वर्षभर कसे टिकते, असा उलट प्रश्न केल्यास “ते आपलं होय” असे उत्तर मिळते आणि वाद संपतो.

दुसरी शंका अधिक गंभीर. आपल्याकडे विकायला आलेल्या खोक्याच्या मागे चौकटीतला तपकिरी त्रिकोण दिसतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अंडे असलेल्या पदार्थालाही मांसाहाराचीच खूण लावावी लागते, आणि पानेत्तोनेत अंडे असतेच. इटलीच्या २००५ सालच्या सरकारी नियमानुसार या नावाने विकायच्या पावात किमान चार टक्के अंड्याचा बलक, सोळा टक्के लोण्याचा स्निग्धांश आणि वीस टक्के मनुका व साली असाव्याच लागतात. म्हणजे बिनअंड्याचा पानेत्तोने केला, तर यवतमाळात तो सर्वांना चालेल; फक्त रोममध्ये त्याला पानेत्तोने म्हणता येणार नाही.

अंड्याच्या प्रश्नाला तिथीचीही बाजू आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचा घट बसतो आणि पुष्कळ घरे तो सबंध महिना अंड्या-मांसाला शिवत नाहीत. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने पुढचे सण लांबले आणि नाताळ ऐन मार्गशीर्षात पडला. २०२४ सालीही तेच झाले : २५ डिसेंबरला बुधवार, दुसऱ्या दिवशी शेवटचा गुरुवार, म्हणजे कापलेला पाव रातोरात संपवणे भाग. २०२५ साली मार्गशीर्ष नाताळाआधीच संपला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुन्हा पेच आहे, आणि या खेपेस गुरुवार २४ तारखेलाच. परदेशातून पानेत्तोने पाठवणाऱ्याने विमानाचे वेळापत्रक पाहण्याआधी कालनिर्णय पाहावे, हे उत्तम.

प्रत्यक्ष व्यवहारात लोकांचे तीन वर्ग पडतात. अंडे खाणारे, अंडे न खाणारे, आणि ‘केकमधलं चालते’ असे म्हणणारे. तिसरा वर्ग संख्येने मोठा आणि विचाराने सूक्ष्म आहे. अंडे डोळ्यांना दिसले नाही तर ते नाही, ही त्याची भूमिका. या वर्गासमोर घटकांची यादी मोठ्याने वाचणे हा असभ्यपणा समजला जातो. नैवेद्याच्या बाबतीत मात्र तिन्ही वर्गांचे एकमत असते. घरात आलेली नवी मिठाई आधी देवापुढे ठेवायची, ही सवय हाताला इतकी जडलेली असते की खोका देवघरापर्यंत जातो. तिथे कोणाला तरी त्रिकोण आठवतो आणि तो परत येतो. देवापुढे मग साखर ठेवतात.

कापण्याची इटालियन पद्धत अशी : लांब, दात्यांची सुरी घेऊन वरून खाली उभे काप काढावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला माथ्याची खरपूस साल आणि पोटातला मऊ भाग दोन्ही येतात. यवतमाळच्या स्वयंपाकघरात भाजीची सुरी असते आणि विळी असते. भाजीच्या सुरीचे पाते पावाच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. दाबले तर पाव खाली बसतो, सोडले तर पुन्हा वर येतो. विळीवर पानेत्तोने धरणे हा प्रकार एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. कागद आधी सोलून काढायचा असतो, हे न समजल्याने पहिल्या काही तुकड्यांबरोबर तोही चावला जातो आणि ‘साल जरा चिवट आहे’ असा अभिप्राय येतो. शेवटी घरातली अनुभवी बाई सूत्रे हाती घेते आणि पावाच्या आडव्या चकत्या करून त्यांच्या वड्या पाडते. चौकोनी, सारख्या, मोजता येतील अशा. मिलानच्या सुगरणींना हे रुचणार नाही, पण वाटपाच्या दृष्टीने याहून न्याय्य पद्धत नाही. हाताने तोडून खाणाऱ्यांची बाजू तर त्याहून भक्कम : चांगल्या पानेत्तोनेचा गर लांब धाग्यांनी सुटतो आणि ते धागे सुटलेले दिसावेत म्हणून जाणकार तो मुद्दाम हाताने फाडून पाहतात. सुरी शोधायला उठण्याचा कंटाळा करणारा यवतमाळचा मुलगा नकळत जाणकारांत जमा होतो.

खाण्याआधी पाव किंचित कोमट करावा, लोण्याचा वास मोकळा होतो, असा सल्ला देतात. इटलीत तो घर ऊबदार ठेवणाऱ्या यंत्राशेजारी ठेवतात. यवतमाळात डिसेंबरची पहाट कितीही बोचरी असली तरी दुपारचे ऊन पुरेसे असते, म्हणून खोका गच्चीवर नेण्याची कल्पना सुचते. सुचू द्यावी, अमलात आणू नये. गच्चीवर वानरे असतात. वानराला अंड्याची, मार्गशीर्षाची किंवा कापण्याच्या पद्धतीची कसलीच अडचण नसते.

आता वाढपाकडे. इटलीत पानेत्तोनेबरोबर मोस्कातोची गोड, फेसाळ वाइन देतात किंवा मास्कारपोने नावाच्या साईसारख्या मऊ चीजचे क्रीम. यवतमाळात चहा देतात. यात कमीपणा काही नाही. मिलानचे लोकही उरलेला पाव सकाळी दुधाळ कॉफीत बुडवतात. फक्त बुडवण्याचे गणित वेगळे. टोस्टला जितका वेळ द्यायची सवय आहे तितका पानेत्तोनेला दिला, तर हातात बोटे उरतात आणि बशीत लापशी. कडेची बाजू आधी, तीही निमिषभर, हा नियम दुसऱ्या कपापर्यंत सर्वांना कळतो. दुधाची जाड साय आणि चिमूटभर पिठीसाखर ही मास्कारपोनेहून सरस जोडी आहे, असे नि:संकोच म्हणता येते. हंगाम असेतो सीताफळाची रबडीही चालते. मात्र रबडी वाढली की पावाकडे कोणी पाहत नाही. गोडामागून तिखट लागणारच म्हणून ताटात चिवडा ठेवावा. ‘तोंडी लावायला काय?’ असे विचारून हिरव्या मिरचीचा ठेचा मागवणारे आजोबा प्रत्येक कुटुंबात एक असतात. त्यांना अडवू नये. लोण्याने माखलेला गर ठेच्याचा जाळ बऱ्यापैकी सोसतो.

पावातल्या सालींविषयी इथली प्रतिक्रिया विशेष नोंदवण्यासारखी आहे. लहान मुले पानेत्तोनेत टूटीफ्रूटी शोधतात. बेकरीच्या केकमधली टूटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईचे उकडून पाकात मुरवलेले आणि लाल, हिरवा, पिवळा रंग दिलेले तुकडे. तिच्याशिवाय केकला केकपण नाही, अशी बालपणीच पक्की समजूत झालेली असते. पानेत्तोनेत लाल-हिरवे काहीच न दिसल्याने मुले नाराज होतात. मोठ्यांची तक्रार वेगळी. त्यांना तुकड्यात संत्र्याची साल लागते आणि ते थबकतात. आंबिया बहाराच्या हंगामात नागपुरी संत्री टोपलीने घरात येतात, तितक्याच साली उकिरड्यावर जातात. तीच वस्तू साखरेत घोळून, सात समुद्र ओलांडून, या भावाने परत यावी हे कापसाच्या प्रदेशातल्या माणसाला फार ओळखीचे वाटते. साली आवडत नाहीत म्हणून त्या वेचून काढणारे इटलीतही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी चॉकलेट घातलेले प्रकार निघाले. शिवाय वेरोनाचा पांदोरो आहेच. दोमेनिको मेलेगात्ती याने १८९४ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात ना मनुका ना साली, वरून फक्त पिठीसाखर. ती पिशवीत टाकून पाव आत ठेवून पिशवी झडझडून हलवायची असते. घरात पांढऱ्याशुभ्र धोतराचे कोणी असेल तर हे काम निश्चिंतपणे करता येते. इतरांनी अंगणात करावे.

पानेत्तोनेची खरी परीक्षा होते ती चवीत नव्हे, वाटपात. एक किलोचा पाव दहा-बारा जणांना पुरतो, असा इटालियन हिशेब. त्या हिशेबात जेवणाच्या मेजाभोवतीची माणसे धरलेली असतात. वरचे भाडेकरू, समोरचे गुरुजी, धुण्याभांड्याच्या मावशी, जिल्हा परिषदेतले सहकारी आणि दारव्ह्याला राहणारी चुलत बहीण धरलेली नसते. यवतमाळात परदेशातून आलेली वस्तू घरातल्याच माणसांनी संपवणे शक्य नाही, कारण ती आल्याचे सर्वांना ठाऊक असते. एस्टीतल्या त्या सहप्रवाशालासुद्धा. तेव्हा वड्या लहान होत जातात. शेवटच्या घरी पोचते ती वडी साबुदाण्याच्या वड्याच्याही निम्मी असते आणि तिच्यासोबत पाव कुठला, कोणी आणला, किती दिवस टिकतो, ही माहिती मात्र पूर्ण जाते.

डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम इथे पानेत्तोनेच्या मदतीला धावतो. दोन वड्यांच्या मोबदल्यात ओल्या तुरीच्या शेंगा येतात, कोणाच्या शेतावरचा हुरडा येतो, मेथीची जुडी येते. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे गेलेल्या डब्यातून करंज्या आणि अनारसे येतात. या देवघेवीत यवतमाळकर घराचा निव्वळ फायदा होतो, हे कोणत्याही हिशेबाने दिसते. अनारसा आणि पानेत्तोने एका ताटात आले की नवख्याची परिस्थिती अवघड होते. अनारसा तोंडात टाकला की खसखस, तूप आणि गूळ आपापली हजेरी लावतात. पानेत्तोने लोण्याचा वास सोडून विरघळतो आणि काही बोलत नाही. त्याच्याविषयी सार्वत्रिक अभिप्राय दोनच मिळतात : “चांगला आहे, पण गोड कमी आहे” आणि “हलका आहे, पोट भरत नाही”. दुसऱ्या अभिप्रायासाठी मिलानच्या बेकरीवाल्याने दोन दिवस जागून काढलेले असतात. त्याच्या दृष्टीने ती स्तुतीच आहे.

उरलेल्या पानेत्तोनेसाठी मिलानमध्ये स्वतंत्र दिवस आहे. नाताळचा एक तुकडा राखून तो ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझच्या सणाला, सकाळी उपाशीपोटी खातात; त्याने वर्षभर घसा दुखत नाही अशी श्रद्धा. यवतमाळात घशासाठी हळद-दूध आहे आणि फेब्रुवारीपर्यंत कापलेला पाव राहण्याची शक्यता नाही. मधे संक्रांत येते आणि तिळगुळाचे डबे पावाला फळीवरून खाली उतरवतात. दोन-तीन वाळके काप सापडलेच, तर ते तव्यावर तुपात परतावेत. लोणी आधीच मुबलक असल्याने ते लगेच तांबूस होतात, म्हणून आच मंद हवी. वर आटवलेले दूध ओतले की शाही तुकडा तयार होतो आणि मूळ पदार्थ कोणता होता हे कोणी विचारत नाही. या रूपात पानेत्तोने यवतमाळात सर्वाधिक यशस्वी झाला आहे.

पाव संपला तरी खोका संपत नाही. तो जाड असतो, झाकण नीट बसते, वर फीत असते. असा खोका टाकून देणारे घर जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत सापडणे कठीण. काही महिने त्यात विजेची बिले, सुटी बटणे आणि राखीपौर्णिमेचे उरलेले रेशीम राहतात. पुढच्या दिवाळीनंतर तो धुऊन-पुसून मोकळा होतो, आत प्लास्टिकची पिशवी घालून शंकरपाळे गच्च भरले जातात आणि पाव पाठवणाऱ्या मुलाकडे परत जाणाऱ्या कोणाच्या तरी सामानात तो ठेवला जातो. विमानतळावर त्याचे वजन करताना कर्मचारी खोक्यावरचे चित्र पाहतो, काट्यावरचा आकडा पाहतो आणि झाकण उघडायला सांगतो.